रेडिएशननंतरची डोकेदुखी आणि भिंतीवरचं कॅलेंडर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला कळेल. वडील ५८ वर्षांचे. मेंदूत ग्लायोमाची गाठ, ऑपरेशन झालं, मग नागपुरातच टेमोझोलोमाइड या किमोच्या गोळ्यांसोबत रेडिएशनचे ३० डोस झाले. ते संपून पाच आठवडे झाले. डेक्सामेथासोनच्या (‘डेक्सा’, मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड) गोळ्या दहा दिवसांपूर्वी ‘संपल्या म्हणून’ बंद झाल्या. आता रोज पहाटे डोकं ठणकतं, चेहरा सुजलेला आहे, आणि परवाच्या एमआरआयच्या रिपोर्टात ‘गाठ वाढल्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं आलंय. तुम्ही विचारताय की डोकेदुखीवर कोणती गोळी चांगली, रेडिएशन वाया गेलं का, आणि पुढच्या आठवड्यात वरुडला पुतणीचं लग्न आहे, तिथे बाबांना न्यावं का.

मी नागपुरात वीसहून जास्त वर्षं रेडिएशन देतोय. भंडारा-गडचिरोलीपासून बैतूल-छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट येतात, आणि ‘लाईट’ म्हणजे रेडिएशन संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी घरच्यांचा जो फोन येतो तो बहुतेक वेळा असाच असतो. बाबांना मी तपासलेलं नाही, एमआरआयच्या फिल्मही पाहिलेल्या नाहीत. गाठ कोणत्या ग्रेडची, मेंदूच्या कोणत्या भागात, किती उरली होती, शुगर-बीपी आहे का, झटक्यांची (फिटची) कोणती गोळी चालू आहे, या सगळ्यावर उत्तर बदलतं. तरी तुमच्या लिहिण्यातले सगळ्यात महत्त्वाचे दोन शब्द तुम्ही जाताजाता लिहून गेलात, ‘संपल्या म्हणून’. डॉक्टरांनी डोस उतरवत आणून गोळी बंद केली, की स्ट्रिप संपली आणि पुढची कुणी आणली नाही, यावर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर अवलंबून आहे.

म्हणून पुढचं वाचायच्या आधी एक फोन करा. ज्यांनी रेडिएशन दिलं त्यांना किंवा ऑपरेशन केलेल्या न्यूरोसर्जनना सांगा की डेक्सा अमुक तारखेला बंद झालं, शेवटचा डोस इतका होता, आणि त्यानंतर डोकं दुखायला लागलं. हा फोन आजच करा, ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. आणि बाबा हाक मारूनही नीट जागे होईनात, पुन्हा पुन्हा ओकारी झाली, हात किंवा पाय नव्याने लुळा पडला, बोलणं अडखळलं, नजर गेली, झटका आला, किंवा तापासोबत मान आखडली, तर फोन नंतर. १०८ बोलवा किंवा गाडी काढा आणि जिथे रात्रीही सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत तिथे थेट जा. वाटेत कुठे ‘अशक्तपणा असेल’ म्हणून ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका. साध्या ग्लुकोजच्या पाण्याने मेंदूची सूज वाढू शकते.

आता ‘सूज’ या शब्दाकडे येऊ. घरचे लोक हा एकच शब्द तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

चेहऱ्यावरची सूज बहुतेक डेक्साची देणगी असते. गडचिरोलीकडच्या एका बाईंनी मला भर ओपीडीत सुनावलं होतं, “डॉक्टरसाहेब, डोक्शातली सूज उतरवाची गोळी देल्ली तुमी, अन् थोबाड तं टरबुजावानी झालं यायचं!” त्यांच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. काही आठवडे स्टेरॉइड घेतलं की शरीर चरबीची फेरवाटणी करतं. गाल, मानेमागचा भाग आणि पोट भरतं, हातपाय मात्र काटकुळे होत जातात. गोळी थांबली तरी हा गोल चेहरा उतरायला महिने लागतात. त्यात डोक्यातल्या दाबाचा काही संबंध नाही.

दुसरी सूज ऑपरेशनच्या टाक्याखालची. तिथे हात लावल्यावर मऊ, पाण्याची पिशवी असल्यासारखं लागत असेल, खोकल्यावर फुगत असेल, किंवा टाक्यातून पाणी पाझरत असेल, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ते त्याच दिवशी न्यूरोसर्जनना दाखवायचं, वरून पट्टी आवळून घरी बसायचं नाही. तिसरी सूज डोक्याशी संबंधित वाटत नाही म्हणून कुणी सांगतच नाही, ती म्हणजे एकाच पायाची. ग्लायोमाच्या पेशंटमध्ये पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण बरंच असतं. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर तिला तेल लावून चोळू नका. ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

डोकं दुखवणारी सूज मात्र आतली, बाहेरून न दिसणारी. कवटी म्हणजे झाकण न उघडणारा डबा. आत १.३ ते १.४ किलोचा मेंदू, साधारण दीडशे मिलिलिटर पाणी आणि जवळपास तेवढंच रक्त. जागा ठरलेली असल्याने एक वाढलं की दुसऱ्याला सरकावं लागतं. रेडिएशननंतर गाठीच्या पेशी मरत असतात आणि आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं त्यांतून मेंदूत झिरपतात, हीच ती सूज. रात्री आडवं झोपलं की डोक्यातलं रक्त सावकाश खाली येतं, शिवाय झोपेत श्वास मंदावल्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या थोड्या रुंदावतात. म्हणून या प्रकारची डोकेदुखी पहाटे जास्त असते, खोकताना आणि वाकताना वाढते, आणि उठून बसल्यावर तासाभरात ओसरते. झोपताना डोक्याकडची बाजू ३० अंश वर ठेवा. त्यासाठी मानेखाली दोन उशा कोंबायच्या नाहीत. गादीखाली सतरंज्या दुमडून कमरेपासून उतार करा आणि मान सरळ राहू द्या. शौचाला जोर करावा लागू नये हेही याच हिशेबातलं. इथे एक बारीक गोष्ट सांगतो. टेमोझोलोमाइडसोबत उलटीसाठी जी ऑन्डान्सेट्रॉन देतात, तिने पोट बांधतं आणि काहींचं डोकंही दुखतं. ‘किमोने डोकं दुखतं’ म्हणून आलेले काही पेशंट उलटीची गोळी बदलल्यावर बरे झालेले मी पाहिले आहेत.

आता रिपोर्ट. रेडिएशनचा परिणाम मशीनखालून उठलं की संपत नाही. उपचार चालू असतानाची सूज हा पहिला टप्पा. संपल्यापासून साधारण सहा महिन्यांपर्यंत दुसरा, ज्यात पेशंट खूप झोपतो, डोकं दुखतं आणि एमआरआयवर गाठ मोठी झाल्यासारखी दिसू शकते. तिसरा टप्पा सहा महिन्यांपासून काही वर्षांपर्यंतचा, त्यात किरणं लागलेला मेंदूचा तुकडाच मृत होऊन सूज धरतो. बाबा दुसऱ्या टप्प्यात आहेत. एमआरआयमध्ये जे पांढरं चमकतं ते खरं म्हणजे शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट गळक्या वाहिन्यांतून बाहेर आल्याची खूण असते. गळती वाढत्या गाठीमुळेही होते आणि मरत्या गाठीमुळेही. साध्या एमआरआयला यातला फरक कळत नाही. याला आम्ही खोटी वाढ म्हणतो, आणि रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्यांत ढोबळमानाने दर चार-पाच जणांत एकाला ती दिसते. म्हणूनच मेंदूची गाठ उपचारांना कशी दाद देते हे ठरवणाऱ्या, २०१० साली आलेल्या रानो निकषांत असं ठरलं की रेडिएशन संपल्यापासून पहिल्या १२ आठवड्यांत, किरणं दिलेल्या जागेतच डाग मोठा दिसला, तर तेवढ्यावरून आजार वाढला असं म्हणायचं नाही. किरणांच्या क्षेत्राबाहेर नवा डाग असेल किंवा तुकडा काढून तपासला असेल तर गोष्ट वेगळी. तुमचे पाच आठवडे या मुदतीत बसतात.

रेडिऑलॉजिस्ट चुकले असं मी म्हणत नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. पण बऱ्याचदा एमआरआयच्या फॉर्मवर रेडिएशन कधी संपलं आणि डेक्सा चालू आहे की बंद, हे कुणी लिहिलेलंच नसतं. डेक्सा चालू असताना काढलेल्या फोटोत डाग लहान दिसतो, बंद केल्यावर मोठा. तुमच्या दोन फोटोंच्या मधे गोळी बंद झालेली असेल, तर ती तुलना आधीच तिरपी आहे.

याचा अर्थ गाठ नक्की वाढलेली नाही, असाही घेऊ नका. मी दोन्ही पाहिलंय. निवृत्त एसटी कंडक्टर असलेले एक काका सहा आठवड्यांच्या फोटोनंतर घरच्यांनी जवळजवळ निरोपाच्या तयारीने आणले होते. डेक्सा पुन्हा थोडं सुरू केलं, टेमोझोलोमाइड चालू ठेवलं, आणि तीन महिन्यांनी तोच डाग निम्म्यावर आला. त्याच वर्षी एका तरुण शिक्षिकेच्या बाबतीत मी ‘खोटी वाढ असेल’ म्हणत महिनाभर थांबलो आणि ती वाढ खरी निघाली. तेव्हापासून थांबायचं म्हटलं तर पुढच्या एमआरआयची तारीख आधी लिहून देतो, सहसा चार ते आठ आठवड्यांनंतरची, शक्यतो त्याच मशीनवर. परफ्यूजन एमआरआय मागावा, कारण वाढत्या गाठीत रक्तपुरवठा जास्त आणि मृत भागात कमी दिसतो. त्यातही अधलेमधले निकाल येतात. साधा पेट स्कॅन मेंदूसाठी फार कामाचा नसतो, कारण मेंदू स्वतःच भरपूर साखर खातो आणि सगळंच उजळून दिसतं.

डेक्साचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरात खरी लढाई त्याच्याशी असते. १९६१ साली अमेरिकेत गॅलिसिच आणि फ्रेंच या न्यूरोसर्जननी ते मेंदूच्या सुजेसाठी वापरलं, आणि दिवसाला १६ मिलिग्रॅमचा डोस तेव्हापासून रूढ झाला. १९९४ साली नेदरलँड्समध्ये मेंदूत पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात दिसलं की जीव लगेच धोक्यात नसेल तर आठवड्याने ४ मिलिग्रॅमचा परिणाम १६ इतकाच येतो आणि त्रास बराच कमी. माझी पद्धतही तीच आहे, डोकं शांत ठेवेल तो लहानात लहान डोस. गोळीने काही तासांत फरक पडायला लागतो, पण पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. ती सकाळी नाश्त्यानंतर आणि दुसरी असेल तर दुपारी, संध्याकाळी नको. संध्याकाळी दिली की माणूस रात्रभर घरात फिरतो आणि घरच्यांना वाटतं मेंदूवर परिणाम झाला.

आपलं शरीर रोज स्वतःपुरतं जे स्टेरॉइड बनवतं, ते डेक्साच्या अर्ध्या ते पाऊण मिलिग्रॅमइतकं असतं. दोन-तीन आठवडे बाहेरून त्याच्या कितीतरी पट मिळालं की शरीराचा कारखाना बंद पडतो. मग गोळी एकदम थांबवली तर दोन गोष्टी घडतात. सूज परत येते, आणि शरीराला लागतं तेवढंही स्टेरॉइड मिळत नाही. अंग मोडून येणं, बीपी उतरणं, मळमळ, गळून जाणं आणि डोकं दुखणं, हे त्या दुसऱ्या गोष्टीमुळेही होतं. बाबांच्या बाबतीत या दोन्हींची शक्यता मला गाठ वाढण्याइतकीच, किंबहुना थोडी जास्तच वाटते. सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडची, रक्ततपासणी हे पाहायला उपयोगी पडते. पण ती करून घेण्यासाठी डोस अडवून ठेवायचा का, हे समोर पेशंट असलेले डॉक्टर ठरवतील.

आणि गोळीवरचा आकडा वाचा. बाजारात डेक्सा अर्ध्या मिलिग्रॅमचंही मिळतं आणि चार मिलिग्रॅमचंही. ‘एक सकाळी, एक दुपारी’ एवढंच पाठ असलेल्या घरात दुकानात चारची नव्हती म्हणून अर्ध्याची स्ट्रिप आली, आणि आठ मिलिग्रॅमवरून माणूस एका दिवसात एकावर आला, हे मी एकदाच पाहिलेलं नाही. प्रत्येक वेळी घरच्यांची तक्रार एकच, गोळ्या नियमित चालू आहेत तरी डोकं दुखतं.

म्हणूनच मी सगळ्यांना कॅलेंडर लावायला सांगतो. नवी वही आणली की चार दिवसांत बाजूला पडते. स्वयंपाकघरात टांगलेलं कालनिर्णय मात्र टिकतं, कारण दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख तिथेच असते. एका सूनबाईंनी सासऱ्यांसाठी प्रत्येक चौकोनात वर ‘२+२’, ‘२+१’ असे मिलिग्रॅम लिहिले होते, खाली पहाटेच्या दुखण्याला दहापैकी गुण, आणि शौच झालं असेल तर एक टिंब. तीन महिन्यांची पानं सुरळी करून त्यांनी माझ्या टेबलावर उलगडली. मला दोन मिनिटांत दिसलं की दर वेळी डोस कमी केल्यावर तिसऱ्या दिवशी दुखणं चारवर जातं आणि सहाव्या दिवशी पुन्हा एकवर येतं. म्हणजे उतरवण्याची गती जरा जास्त होती, एवढंच. डोसच्या दोन कपातींमधलं अंतर आम्ही वाढवलं आणि नवा एमआरआय टळला. दुखणं किती, यापेक्षा ते कुठे चाललंय हे मला जास्त कळायला हवं असतं. डोस तोच असताना आठवडाभर गुण चढतच गेले तर मात्र मी थांबत नाही.

‘स्टेरॉइड म्हणजे विष’ असं तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलंय. त्यांची भीती अगदी खोटी नाही. शुगर चढते, पित्त होतं, तोंडात पांढरा थर येतो, चिडचिड होते, जंतुसंसर्ग सहज होतो, आणि मांड्यांचे स्नायू जातात. बाबांना जमिनीवरून किंवा भारतीय संडासातून हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल तर सांगा. त्याला लकवा समजून घाबरतात, पण अनेकदा तो डेक्साचाच परिणाम असतो. या सगळ्यावर उपाय आहेत. शुगर घरी मोजा, दुपारच्या जेवणानंतरचीही, कारण सकाळच्या डेक्साने ती दुपारनंतर चढते. संत्र्याला हरकत नाही, संत्रा बर्फीला आहे.

वेदनेच्या गोळीचं उत्तर त्यामानाने लहान आहे. पॅरासिटामॉल ६५० चालते, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, कारण डेक्सासोबत पोटात जखम आणि टेमोझोलोमाइडमुळे प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव. ट्रामाडॉलने झटके येऊ शकतात. महिन्यातले पंधराहून जास्त दिवस गोळी लागत असेल तर गोळीचीच डोकेदुखी जडते. झटक्यांसाठी फेनिटॉइन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून आठवण द्या, त्याने डेक्सा शरीरातून लवकर निघून जातं आणि तोच डोस अपुरा पडतो.

कुणीतरी सलईच्या डिंकाचं चूर्णही सुचवलंय तुम्हाला. आपल्या मेळघाटात सलईची झाडं मुबलक आहेत, त्यामुळे हे विदर्भात सगळ्यांनाच ठाऊक. गंमत म्हणजे याला थोडा आधार आहे. २०११ साली जर्मनीत ४४ पेशंटवर झालेल्या अभ्यासात रेडिएशनच्या वेळी सलईचा अर्क घेतलेल्यांची सूज एमआरआयवर जास्त उतरलेली दिसली. पण तो मोजून दिलेला अर्क होता, डेक्साच्या जागी दिलेला नव्हता, आणि अभ्यास लहान होता. बाजारातल्या सुट्या पुडीत काय आहे ते मला सांगता येणार नाही. सांधेदुखीच्या काही पुड्यांत तर लपवून स्टेरॉइडच घातलेलं असतं, म्हणजे आमचा सगळा हिशेब चुकतो.

डेक्साने भागलं नाही किंवा ते सोडवताच आलं नाही, तर बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन असतं, जे गळक्या वाहिन्या आवळतं. महाग आहे, आणि रक्तस्राव, गुठळी, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर जपून. दाब फारच असेल तर पुन्हा ऑपरेशन, आणि त्यात तुकडा तपासला की खरी वाढ की खोटी याचं उत्तरही मिळतं. तिथपर्यंत तुम्ही अजून आलेला नाहीत.

राहिलं वरुडचं लग्न. बाबांना जायचंय असं तुम्ही लिहिलंय, आणि मी त्या बाजूने आहे, पण आधी डॉक्टरांनी डोस ठरवून दिल्यावर किमान चार-पाच दिवस डोकेदुखीचे गुण उतरलेले कॅलेंडरवर दिसू देत. तसं झालं नाही तर यंदा आहेर पाठवा. गेलात तर पहाटेच निघा. मे महिन्यातल्या विदर्भात दुपारी गाडी तापली की घाम जातो, आणि पाणी कमी पडलं, अंगातलं सोडियम उतरलं, तर त्यानेही डोकं दुखतं आणि माणूस गुंगतो. तेव्हा सुजेमुळे की उन्हामुळे, हे कुणालाच कळणार नाही. मीठ घातलेलं ताक घ्या, पन्हं बिनसाखरेचं. गोळ्या डिक्कीत ठेवू नका, खिशात ठेवा, तीन दिवस जास्तीच्या. डोसची चिठ्ठी आणि एमआरआयची सीडी सोबत असू द्या. वाटेत झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, हे गाडीतल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा. मांडवात कूलरच्या झोतापासून थोडं दूर, डीजेच्या विरुद्ध टोकाला खुर्ची टाका. अक्षता पडल्या की जेवण, आणि उन्हं उतरल्यावर परत. रात्री मुक्काम नको. दुसऱ्या दिवशी पहाटे डोकं कसं होतं ते कॅलेंडरवर लिहा आणि ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा.